पुठ्ठ्याची होडी : स्वस्त द्रव्याचे मोल आणि मर्यादा

भाईंदर पूर्वेस जेसल पार्कची चौपाटी वसई खाडीच्या दक्षिण तीरावर आहे. तेथे उभे राहिले असता समोर खाडीचे विस्तीर्ण पात्र, पलीकडे नायगाव, आणि दोहोंच्या मध्ये पाणजू हे बेट दिसते. रेल्वेचे पूल याच बेटावरून खाडी ओलांडतात; परंतु बेटावरील रहिवाशांचा बाहेरील जगाशी येणारा संबंध मुख्यतः होडीवर अवलंबून राहिलेला आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत भाईंदर ते वसई अशी वाहनांसह प्रवासी नेणारी रो-रो सेवा सुरू झाली. मोठ्या यंत्रचलित नौकेपासून वल्ह्याने हाकावयाच्या लहान होडीपर्यंत जलवाहनाचे अनेक प्रकार या एकाच खाडीत आढळतात. यांपैकी सर्वांत लहान होडी अधिक स्वस्तात बांधता येईल काय, आणि त्यासाठी पुठ्ठा हे द्रव्य उपयोगी पडेल काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथमदर्शनी हा प्रश्न पोरकट वाटण्याचा संभव आहे. कागदाची होडी म्हटली की पावसाळ्यातील अंगणच आठवते. तथापि हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही, याची कारणे आपल्याच प्रदेशात आहेत. ऊस पिकविणाऱ्या दक्षिण महाराष्ट्रात गुळाच्या काहिलीत बसून नदी ओलांडण्याचे प्रसंग लोकांवर आलेले आहेत. २०२३ साली छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील भिव धानोरा येथील मुले जायकवाडीच्या फुगवट्याचे पाणी थर्मोकोलच्या तराफ्यावरून ओलांडून शाळेत जात असल्याच्या वार्ता प्रसिद्ध झाल्या. ८ ऑगस्ट २०१९ रोजी कृष्णेच्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांना सुरक्षित स्थळी नेणारी बोट उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. ज्यांस होडीची गरज असते त्यांपैकी अनेकांस ती घेण्याची ऐपत नसते, आणि मग जे हाती येईल त्याची होडी केली जाते. म्हणूनच एखादे द्रव्य स्वस्त आहे एवढे सांगून भागत नाही. ते कोठे वापरावे व कोठे वापरू नये हेही सांगणे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.

पूर्वीचे प्रयोग

कागदाची नौका ही कल्पना नवी नाही. जॉन टेलर या लंडनच्या नावाड्याने सतराव्या शतकाच्या आरंभी तपकिरी कागदाच्या नावेतून थेम्स नदीवर प्रवास केला आणि १६२० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या काव्यात त्याचे वर्णन केले. तो प्रवास म्हणजे एक प्रकारची पैज होती, आणि वाटेत कागद भिजून नावेचा तळ गेला. गंभीर स्वरूपाचा उद्योग उभा राहिला तो एकोणिसाव्या शतकात, अमेरिकेतील ट्रॉय या गावी. तेथील एलायशा वॉटर्स व त्याचा पुत्र जॉर्ज यांनी १८६७ च्या सुमारास लाकडी साच्यावर कागदाचे थर चिकटवून शर्यतीच्या होड्या करण्यास प्रारंभ केला. कागद वाळवून त्यास रोगणाचे लेप दिले जात. या होड्या लाकडी होड्यांहून हलक्या असत व त्यांना फळ्यांचे सांधे नसत, हे त्यांचे दोन मोठे गुण होते.

या होड्यांची सर्वांत कठोर परीक्षा नॅथॅनिएल बिशप या प्रवाशाने घेतली. १८७४ साली क्वेबेकहून तो लाकडी नावेतून निघाला. ट्रॉय येथे ती जड नाव सोडून त्याने अवघ्या ५८ पौंड वजनाची कागदी नाव घेतली, आणि १८७५ मध्ये मेक्सिकोच्या आखातावरील फ्लोरिडाच्या किनाऱ्यापर्यंत तिच्यातून मजल मारली. यावरून कागद पाण्यात टिकू शकत नाही असे सरसकट विधान करणे चुकीचे ठरेल. मात्र वॉटर्स यांचा कागद निवडक, लेप भरपूर आणि कारागिरी कसबी होती. त्यांची होडी स्वस्त होती म्हणून नव्हे, तर हलकी होती म्हणून विकली जाई. आज पुठ्ठ्याकडे आपण पाहतो ते स्वस्त द्रव्य म्हणून. हेतूमधील हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

पन्हळी पुठ्ठ्याचा उपयोग वेगळ्या दिशेने झाला. इंग्लंडमध्ये १८५६ साली पन्हळी कागदाचे एकस्व घेतले गेले ते टोप्यांच्या आतील अस्तरासाठी. वेष्टनासाठी त्याचा वापर अमेरिकेत १८७० नंतरच्या दशकात रूढ झाला. १९७४ साली अमेरिकेतील सदर्न इलिनॉय विद्यापीठात रिचर्ड आर्चर या अध्यापकाने अभिकल्पाच्या विद्यार्थ्यांना परीक्षा म्हणून माणूस वाहून नेणारी पुठ्ठ्याची होडी बांधावयास सांगितली. त्यातून पुठ्ठ्याच्या होड्यांच्या शर्यतींची प्रथा पडली. येथे होडी काही मिनिटे तरली म्हणजे तिचे कार्य संपते, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

पुठ्ठ्याचे बळ कोठे असते

पन्हळी पुठ्ठा म्हणजे दोन सपाट कागदांच्या मध्ये लाटेसारखा वळविलेला तिसरा कागद होय. खोके बनविणाऱ्यांच्या बोलीत यास थ्री-प्लाय म्हणतात. पन्हळींचे दोन थर असल्यास फाइव्ह-प्लाय. बाहेरील दोन कागद वाकण्याचा ताण व दाब सोसतात, आणि मधली पन्हळ त्यांस एकमेकांपासून दूर ठेवते. बाहेरील पृष्ठे कायम ठेवून त्यांतील अंतर दुप्पट केल्यास पुठ्ठ्याची ताठरता सुमारे चौपट होते. लोखंडी तुळईचा छेद इंग्रजी आय अक्षरासारखा असतो त्यामागील तत्त्व हेच. अत्यल्प द्रव्यात पुष्कळ ताठरता मिळते ती रचनेमुळे, द्रव्याच्या अंगभूत सामर्थ्यामुळे नव्हे.

आता ही ताठरता होडीस पुरेशी आहे काय, हे एका उदाहरणाने पाहू. २.४ मीटर लांब, ०.७५ मीटर रुंद व ३० सेंटिमीटर उंच काठांची, सपाट तळाची पेटीसारखी होडी कल्पावी. तिच्यात प्रत्येकी ६० किलोग्रॅम वजनाची दोन माणसे बसली आहेत आणि होडीचे स्वतःचे वजन २५ किलोग्रॅम आहे असे मानू. एकूण भार १४५ किलोग्रॅम. आर्किमिडीजच्या सिद्धान्तानुसार होडीने तितक्याच वजनाचे पाणी बाजूस सारले पाहिजे. तळाचे क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर असल्याने खाडीच्या खाऱ्या पाण्यात ती सुमारे ८ सेंटिमीटर बुडेल. तळावर पाण्याचा जो दाब येतो तो दर चौरस मीटरला सुमारे ८० किलोग्रॅम भाराइतका असतो. हा दाब सर्वत्र सारखा पसरलेला असून फाइव्ह-प्लाय पुठ्ठ्याचे दोन थर एकमेकांशी काटकोनात चिकटविले व आतून काही आडवे आधार दिले, तर तो सहज सोसला जातो.

संकट येते ते आतील बाजूने. माणूस बसताना गुडघा टेकतो किंवा टाच रोवतो, तेव्हा त्याचे ६० किलोग्रॅम वजन सुमारे ५० चौरस सेंटिमीटरवर एकवटते. दर चौरस मीटरच्या हिशेबाने हा दाब १२,००० किलोग्रॅम होतो, म्हणजे पाण्याच्या दाबाच्या दीडशेपट. त्याखाली पन्हळी चेपल्या की दोन पृष्ठांतील अंतर नाहीसे होते आणि त्या जागी ताठरताही नाहीशी होते. म्हणून पुठ्ठ्याच्या होडीत भार पसरविणारी लाकडी फळी तळाशी घालणे ही चैन नसून आवश्यकता आहे.

वरील होडीस लागणारा पुठ्ठा तळ व काठ मिळून सुमारे ३.७ चौरस मीटर, दोन थर धरून सुमारे साडेसात चौरस मीटर होतो. फाइव्ह-प्लाय पुठ्ठ्याचे वजन दर चौरस मीटरला ९०० ग्रॅम धरले, तर संपूर्ण कवचात पुठ्ठा असतो अवघा ६ ते ७ किलोग्रॅम. उरलेले वजन फळ्या, पट्ट्या, गोंद व लेप यांचे. पुठ्ठ्याच्या होडीतही पुठ्ठा हा अल्पांशच असतो, हे येथेच स्पष्ट होते.

पाणी काय करते

लाकूड आणि कागद यांचे मूळ एकच, सेल्युलोजचे तंतू. परंतु लाकडात हे तंतू लिग्निन नामक द्रव्यात जखडलेले असतात. लाकूड भिजले तर फुगते, काहीसे मऊ पडते, पण विस्कळीत होत नाही. कागद करताना, विशेषतः मजबूत तपकिरी क्राफ्ट कागद करताना, लिग्निनचा बराचसा भाग रासायनिक क्रियेने काढून टाकला जातो. मग तंतूंना एकत्र धरून ठेवतात ते मुख्यतः त्यांच्या पृष्ठभागांमधील हायड्रोजन बंध. पाण्याचा रेणू या बंधांच्या मध्ये शिरतो व ते सोडवितो. त्यामुळे विशेष प्रक्रिया न केलेला कागद पूर्ण भिजला असता त्याच्या कोरड्या बळाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी बळ शिल्लक राहते. शिवाय पन्हळ व पृष्ठे यांना जोडणारी खळ सामान्यतः मक्याच्या स्टार्चची असते, आणि तीही पाण्यात सुटते.

पाण्यात बुडणे तर दूरच, दमट हवाही पुरेशी असते. हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असताना कागदात ७ ते ८ टक्के पाणी असते. ती ९० टक्के झाली की हे प्रमाण सुमारे दुप्पट होते आणि पुठ्ठ्याचे दाब सोसण्याचे सामर्थ्य जवळजवळ निम्म्यावर येते. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात अशी हवा आठवड्यांमागून आठवडे टिकते. म्हणजे होडीची गरज ज्या ऋतूत सर्वाधिक, त्याच ऋतूत पुठ्ठा सर्वाधिक दुबळा असतो.

येथे एका गैरसमजाचा निरास करणे इष्ट आहे. पुठ्ठ्याची होडी पाणी शोषून जड होते आणि म्हणून बुडते, असे सामान्यतः मानले जाते. आपल्या उदाहरणातील तळाच्या साऱ्या पन्हळी पाण्याने भरल्या, तर आत सुमारे २३ लिटर पाणी मावेल. त्यामुळे होडी आणखी सव्वा सेंटिमीटरच खाली जाईल. एवढ्याने ती बुडणार नाही. ती जाते ती मोडून. भिजलेला तळ ताठरता गमावतो, बसलेल्याच्या वजनाने मध्येच वाकतो, काठ आत झुकतात, सांधे उकलतात, आणि मग क्षणार्धात पाणी आत येते. जड होणारी होडी इशारा देते. मोडणारी देत नाही. या द्रव्याचा खरा धोका तो हाच.

पन्हळींच्या रचनेचा आणखी एक दोष आहे. ताठरता देणाऱ्या याच पन्हळी पाण्याच्या नळ्याही होतात. खाडीतील धक्क्यांच्या खांबांवर व खडकांवर कालवांची धारदार शिंपले असतात. त्यांचा एक ओरखडा लेपास पडला की त्या छिद्रातून शिरलेले पाणी पन्हळीच्या लांबीभर पसरते, आणि वरून लेप शाबूत दिसत असता आतील पुठ्ठा कुजत राहतो. आपल्या कारागिरांनी लाकडी होडीच्या फळ्यांमधील फटी सूत, राळ व तेल यांनी भरण्याची जी रीत पाळली, तिचा एक मोठा गुण असा की गळती कोठे आहे ते डोळ्यांस दिसते आणि तेवढीच जागा दुरुस्त करता येते. पुठ्ठ्यात ही सोय नाही.

लेपाचा प्रश्न आणि खर्चाचा हिशेब

यावर उपाय म्हणून लेप सुचविला जातो. मेण, तैलरंग, रोगण यांनी पाणी काही तास अडते. काचतंतूचे कापड व पॉलिएस्टर राळ यांचे आवरण आत-बाहेर दिले, तर ते वर्षानुवर्षे अडेल. या कामी पुठ्ठ्याचा एक विशेष गुणही दिसून येतो. पॉलिएस्टर राळेतील स्टायरीन थर्मोकोलास विरघळविते, पुठ्ठ्यास काहीही करीत नाही. परंतु असे आवरण घातल्यावर भार कोण सोसते? काचतंतूचे कवच. पुठ्ठा उरतो तो केवळ आतील भरण म्हणून, आणि खर्चाचा मोठा भाग जातो राळ व कापड यांवर. स्वयंपाकघरातील ओट्यांवर व मेजांवर बसविला जाणारा सनमायका हाही मुळात राळेत भिजविलेल्या क्राफ्ट कागदाच्या थरांचाच बनलेला असतो. पण त्यास कोणी कागद म्हणत नाही. कागद पाण्यात टिकावयाचा तर त्याने कागदपण सोडावे लागते, आणि कागदपण सोडविण्याचे मोल स्वस्त नसते.

खर्चाचा विचार म्हणूनच बांधणीच्या दिवशी न करता सेवेच्या वर्षांवर केला पाहिजे. केवळ उदाहरणादाखल असे मानू की, रंगाचे लेप दिलेली पुठ्ठ्याची होडी एका एककाच्या खर्चात होते व एक महिना टिकते. लाकडी होडी वीस एककांत होते, पंधरा वर्षे टिकते आणि तिच्या डागडुजीस दरवर्षी एक एकक लागतो. तर पुठ्ठ्याचा वार्षिक खर्च बारा एकक होईल, लाकडाचा सुमारे सव्वादोन. आकडे बदलले तरी हिशेबाची रीत बदलत नाही. स्वस्त द्रव्य पुनःपुन्हा विकत घ्यावे लागले की गरिबास तेच सर्वांत महाग पडते.

स्वस्त द्रव्यास उपयुक्त करण्याचा यशस्वी प्रयत्न कसा असतो, याचे उदाहरण आपल्या देशात आहे. कोची येथे १९५७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने रबराच्या झाडाच्या लाकडापासून लहान होड्या विकसित केल्या. हे लाकूड स्वस्त, पण कीड व कुज यांस चटकन बळी पडणारे. त्यावर संरक्षक रसायनांची प्रक्रिया करून वरून काचतंतूचे आवरण देण्यात आले. योजना वरवर पाहता पुठ्ठ्यासारखीच आहे; भेद असा की आवरणास भेग पडली तरी आतील प्रक्रिया केलेले लाकूड आपले बळ राखून असते. द्रव्याची निवड करताना विचारावयाचा प्रश्न ते कोरडे असताना किती बळकट आहे, एवढाच नाही. संरक्षण ढळल्यावर ते किती वेळ तग धरते, हाही आहे.

आकाराचे महत्त्व

द्रव्याच्या चर्चेत एक गोष्ट विसरली जाऊ नये. होडी उलटेल की नाही हे मुख्यतः तिचा आकार, भार व तो भार ठेवण्याची रीत यांवर ठरते. नौकाशास्त्रात मेटासेंटर नावाचा एक बिंदू मानतात. एकूण भाराचा गुरुत्वमध्य या बिंदूच्या खाली असेल तोवर किंचित कललेली होडी पुन्हा सरळ होते. वर गेला की ती उलटते. आपल्या उदाहरणातील होडीत दोन माणसे असता हा बिंदू तळापासून सुमारे ६३ सेंटिमीटर उंचीवर येतो. दोघे तळाशी बसले तर गुरुत्वमध्य त्याच्या बराच खाली राहतो. दोघे एकदम उभे राहिले तर तो सुमारे ८० सेंटिमीटरवर जातो, आणि होडी उलटते.

त्याच होडीत पाच माणसे बसविली, तर ती सुमारे साडेसतरा सेंटिमीटर बुडते. काठ अजून १२ सेंटिमीटर पाण्याबाहेर असल्याने पाहणाऱ्यास ती सुरक्षित वाटेल. पण मेटासेंटर आता ६३ वरून सुमारे ३५ सेंटिमीटरवर उतरलेला असतो. एकाने दचकून अर्धवट उठणे आता पूर्वीपेक्षा कितीतरी धोक्याचे असते. पुराच्या वेळी माणसे अधिक चढतात, घाबरलेली असतात आणि उभी राहतात. अशा वेळी द्रव्य कोणतेही असो, लहान होडीत किती माणसांनी बसावे हे तिच्या काठावर ठळक लिहिलेले असणे आणि ते पाळले जाणे यासारखा स्वस्त उपाय दुसरा नाही.

पुठ्ठ्याचा योग्य उपयोग

मग पुठ्ठ्यास नौकाबांधणीत स्थान नाही काय? आहे, आणि ते तीन ठिकाणी.

पहिले स्थान अध्यापनाचे. अभियांत्रिकी, भौतिकशास्त्र वा अभिकल्पाच्या विद्यार्थ्यांनी पूर्ण आकाराची होडी स्वतः बांधून उथळ व स्थिर पाण्यात, जीवरक्षक जाकिटे घालून व पोहणाऱ्यांच्या देखरेखीखाली तपासावी. प्लावन, स्थैर्य व ताठरता यांचे जे ज्ञान त्यातून मिळते ते फळ्यावरील आकृतीतून मिळत नाही. पुठ्ठा स्वस्त असल्याने चुकण्याची मुभा राहते, आणि शिक्षणात चुकण्याच्या मुभेस मोल आहे. सोबत आणखी एक साधा प्रयोग करावा. पुठ्ठ्याच्या सारख्या पट्ट्या कापून काही कोऱ्या ठेवाव्यात, काहींस मेण व काहींस रंग द्यावा. त्या पाण्यात ठेवून ठरावीक वेळाने वजन करावे, आणि दोन टेकूंवर ठेवून ठरावीक भाराखाली किती वाकतात ते मोजावे. वजनाची वाढ व वाकण्यातील वाढ यांचे आलेख शेजारी मांडले म्हणजे होडी जड होऊन बुडते की मोडून, याचा निर्णय विद्यार्थी स्वतःच करतील.

दुसरे स्थान साच्याचे. काचतंतूची एखादीच होडी करावयाची असेल तर लाकडी साचा परवडत नाही. तेथे पुठ्ठ्याचे छेद कापून सांगाडा करावा व त्यावर होडी घडवावी. फळीवर करवत चालविण्यापूर्वी तिचा आकार पुठ्ठ्यावर कापून पाहिल्यास महाग लाकूड वाया जात नाही. साच्यास पाण्यात उतरावयाचे नसते. म्हणून पुठ्ठ्याचे सारे गुण येथे उपयोगी पडतात आणि दोष आड येत नाहीत.

तिसरे स्थान भरणाचे, आणि ते सर्वांत सावधपणे द्यावयाचे. आसनाखालची पेटी, आतील आडभिंत अशा पाण्याच्या पातळीवरील भागांत, सर्व कडा बंद करून व लहान लहान तुकडे परस्परांपासून राळेने अलग ठेवून, पुठ्ठा वापरता येईल. तळासाठी तो वापरू नये. राळ लावलेला पुठ्ठा पुन्हा कागदाच्या लगद्यास उपयोगी पडत नाही, याचेही भान ठेवावे.

वसई खाडीसारख्या ठिकाणी, जेथे उधाणाच्या भरती-ओहोटीबरोबर प्रवाहास मोठा वेग येतो आणि काठी चिखल व कालवे आहेत, तेथे माणसे नेण्यासाठी पुठ्ठ्याची होडी सुचविणे समर्थनीय होणार नाही. जेथे मुलांना शाळेत जाण्यासाठी पाणी ओलांडावे लागते तेथे तर नाहीच. त्या पाण्यावर स्वस्त द्रव्याचा प्रयोग करण्यापेक्षा पूल, अथवा पूल होईपर्यंत नोंदणी झालेली, भारमर्यादा लिहिलेली व जाणत्या नावाड्याच्या हातची होडी मिळाली पाहिजे. प्रयोगशाळेच्या हौदात पुठ्ठ्याची होडी मोडली तर विद्यार्थ्यास एक धडा मिळतो. खाडीच्या मध्यावर ती मोडली तर तो धडा घेण्यास बसलेल्यांपैकी कोणी उरेलच, असे नाही.